शुद्ध, जाणीव आणि क्वांटम

‘पेशंट शुद्धीवर आहे का?’ तातडीच्या विभागात रुग्ण आला की पहिल्यांदा हाच प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर दोन-तीन मिनिटांत मिळते. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, बोलणे सुसंगत आहे का, सांगितल्यावर हात उचलतो का, हे पाहून ३ ते १५ यांच्यामधला एक आकडा केसपेपरवर लिहिला जातो. ग्लासगो शहरातील टीसडेल आणि जेनेट या दोन न्यूरोसर्जननी १९७४ मध्ये तयार केलेली ही मोजपट्टी आज जगभर वापरली जाते.

आता दुसरा प्रश्न. शुद्ध म्हणजे नेमके काय? मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांच्यातून वीज धावते, रसायने झरतात, इथपर्यंत कळते. पण त्या विजेतून ‘मला दुखते आहे’, ‘हा रंग लाल आहे’, ‘मी आहे’ हा अनुभव कसा उगवतो? या प्रश्नाला आजही सर्वमान्य उत्तर नाही. मराठीत ‘शुद्ध’ आणि ‘जाणीव’ असे दोन वेगळे शब्द आहेत, हे बरेच आहे. पहिली मोजता येते, दुसरी अजून नीट पकडीत आलेली नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचे सगळ्यात धाडसी उत्तर एका भौतिकशास्त्रज्ञाने दिले. सर रॉजर पेनरोज हे त्यांचे नाव. जाणिवेचे मूळ क्वांटम भौतिकीत आहे, असे ते गेली तीन दशके आणि अधिक काळ सांगत आले आहेत. त्यांच्या कामाचे दोन धागे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यापर्यंत येतात, कारण तिथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. दुसरीकडे, ‘क्वांटम’ हा शब्द आता गळ्यातल्या लॉकेटपासून ‘एका मिनिटात पूर्ण शरीराची तपासणी’ करणाऱ्या यंत्रापर्यंत सगळीकडे विकला जातो. म्हणून पेनरोज खरोखर काय म्हणतात, त्यातले किती सिद्ध झाले आणि किती नाही, हे सामान्य वाचकालाही माहीत असायला हवे.

डॉक्टरांच्या घरातला गणिती

पेनरोज यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३१ चा, इंग्लंडमधील कोलचेस्टरचा. वडील लायनेल पेनरोज मनोविकारतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ होते. डाउन सिंड्रोमचा संबंध वडिलांच्या नव्हे तर आईच्या वयाशी आहे, हे त्यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. मतिमंदत्व असलेल्या १,२८० रुग्णांचा त्यांनी केलेला अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईनेही वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. मेंदू बिघडला की माणसाचे मन कसे बदलते, ही चर्चा या घराला नवी नव्हती. बापलेकांनी मिळून कागदावर काढता येणारा पण प्रत्यक्षात बनवता न येणारा ‘अशक्य त्रिकोण’ १९५८ मध्ये मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. डोळ्यांना दिसते ते मेंदू कसे जुळवतो, याचे ते गमतीदार उदाहरण होते.

रॉजर गणिताकडे वळले. १९६५ मध्ये त्यांनी अवघ्या तीन पानांच्या निबंधात सिद्ध केले की पुरेसे मोठे वस्तुमान स्वतःच्या भाराने कोसळू लागले आणि एका मर्यादेपलीकडे गेले, तर कृष्णविवराचा शेवट टळत नाही. या वाटेवर कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये मांडलेले समीकरण मोलाचे ठरले. याच कामासाठी पेनरोज यांना २०२० मध्ये भौतिकशास्त्राचे अर्धे नोबेल मिळाले. पुढचे सगळे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोबेल कृष्णविवरांसाठी मिळाले, जाणिवेच्या सिद्धांतासाठी नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत ही दोन वाक्ये हमखास एकत्र केली जातात.

मन म्हणजे संगणक नव्हे

पेनरोज यांचे ‘द एम्परर्स न्यू माइंड’ हे पुस्तक १९८९ मध्ये आले. आज ना उद्या संगणक माणसासारखा विचार करील, असे तेव्हाही ठामपणे सांगितले जात होते. पेनरोज यांनी त्याला गणिताच्या बाजूने उत्तर दिले. कुर्ट गोडेल यांनी १९३१ मध्ये सिद्ध केले होते की ठरावीक नियमांनी चालणाऱ्या आणि आत विसंगती नसलेल्या कोणत्याही पुरेशा समर्थ गणिती पद्धतीत काही विधाने अशी असतात, जी खरी असूनही त्याच नियमांनी सिद्ध करता येत नाहीत. पेनरोज म्हणतात, ती खरी आहेत हे माणसाला कळते. म्हणजे माणसाची समज नियमांच्या यादीने चालत नाही. ती संगणकाच्या पलीकडची आहे.

मग मेंदूत असे काय आहे, जे संगणकात नाही? इथे ते क्वांटमकडे वळतात. अणू-रेणूंच्या जगात एखादा इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन शक्यतांमध्ये असू शकतो. मोजायला गेले की मात्र एकच शक्यता हाती लागते. दोन शक्यतांची एक कशी होते, हे भौतिकीतले जुने कोडे आहे. युजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये सुचवले की पाहणाऱ्याच्या जाणिवेमुळे हा निवाडा होतो. पुढे त्यांनी स्वतःच हे मत सोडले. पेनरोज यांनी गाडी उलट दिशेला वळवली. त्यांच्या मते निवाडा पाहणाऱ्यामुळे होत नाही. गुरुत्वाकर्षणामुळे तो आपोआप होतो. वस्तुमान जितके जास्त, तितका निवाडा लवकर. म्हणूनच इलेक्ट्रॉन दोन जागी असू शकतो, टेबल असू शकत नाही. आणि असा निवाडा मेंदूत विशिष्ट तऱ्हेने घडतो, तेव्हा जाणिवेचा क्षण जन्मतो.

‘आपण विचार केला की वास्तव बदलते’ असे सांगणारे अनेक जण पेनरोज यांचे नाव घेतात. पेनरोज मात्र असे म्हणतच नाहीत.

भूलतज्ज्ञाची साथ

पेनरोज यांच्याकडे कल्पना होती, पण मेंदूतली जागा नव्हती. ती सुचवली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमेरॉफ यांनी. भूलतज्ज्ञाला जाणिवेचे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविक आहे. शुद्ध घालवणे आणि परत आणणे हे त्याचे रोजचे काम. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया जाहीरपणे करून दाखवण्यात आली. त्याला पावणेदोनशे वर्षे उलटून गेली. भुलीची औषधे पेशींवरच्या कोणत्या दारांवर काम करतात, हे बरेचसे कळले आहे. पण त्यामुळे अनुभव नाहीसा का होतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

हॅमेरॉफ यांनी बोट दाखवले ते पेशींच्या आत असलेल्या सूक्ष्मनलिकांकडे. या प्रथिनांच्या पोकळ नळ्या आहेत. जाडी सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या साधारण ३ हजाराव्या भागाइतकी. त्या पेशीला आकार देतात आणि पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मालाची वाहतूक करणारे रूळ म्हणूनही काम करतात. या नळ्यांमध्ये क्वांटम स्थिती टिकते आणि पेनरोज म्हणतात तसा निवाडा तिथेच होतो, असा दोघांचा संयुक्त सिद्धांत १९९० च्या दशकाच्या मध्यास मांडला गेला.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप उष्णतेचा. क्वांटम अवस्था फार नाजूक असते. प्रयोगशाळेत ती टिकवण्यासाठी अनेकदा अतिथंड निर्वात जागा लागते. मेंदू तर ३७ अंशांवर, पाण्याने भरलेला आणि सतत गजबजलेला. मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशोब मांडला की मेंदूत अशी अवस्था सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळ टिकेल. चेतापेशींचे काम मात्र सेकंदाच्या हजाराव्या ते दहाव्या भागात चालते. हॅमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आकडे दुरुस्त करून उत्तर दिले, पण त्यांनी काढलेला वेळही चेतापेशींच्या वेगाला पुरत नाही.

दुसरा आक्षेप शरीररचनेचा आहे. मेंदूतल्या दर पाच चेतापेशींपैकी साधारण चार लहान मेंदूत असतात. त्यांतही सूक्ष्मनलिका आहेतच. तरीही लहान मेंदूला मोठी इजा झालेला रुग्ण तोल गमावतो, त्याचे बोलणे अडखळते, पण त्याची जाणीव शाबूत राहते. याउलट मेंदूच्या देठातल्या छोट्याशा भागाला इजा झाली, तर माणूस कोमात जातो. म्हणजे पेशींच्या आतल्या नळ्यांपेक्षा पेशींच्या आपसांतल्या जोडण्या महत्त्वाच्या असाव्यात, असे बहुतेक मेंदूशास्त्रज्ञांना वाटते.

सिद्धांताच्या बाजूनेही काही आहे. अमेरिकेतील वेलस्ली कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये उंदरांना सूक्ष्मनलिका घट्ट करणारे औषध दिले. मग भुलीच्या वायूने ते बेशुद्ध व्हायला सरासरी मिनिटभराहून अधिक जादा वेळ लागला. नळ्यांचा भुलीशी संबंध असू शकतो, एवढे यातून दिसते. पण तो संबंध क्वांटमचाच आहे, हे यातून सिद्ध होत नाही. कॅन्सरवर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेलही याच नळ्यांवर काम करते. रुग्णांचे हातपाय मुंग्या येऊन बधिर होतात, कारण लांब चेतातंतूंमधली वाहतूक बिघडते. शुद्ध मात्र जात नाही. अर्थात हे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे हा पुरावाही निर्णायक म्हणता येत नाही.

सिद्धांत मांडणाराच तपासणीला

क्वांटम निवाडा गुरुत्वाकर्षणामुळे होतो, ही कल्पना पेनरोज यांच्याआधी हंगेरीचे लाजोस दिओशी यांनीही मांडली होती. ती खरी असेल तर वस्तूंमधून अतिशय क्षीण किरणोत्सर्ग बाहेर पडायला हवा, असे तिच्या साध्या रूपाचे भाकीत होते. इटलीतील ग्रान सासो डोंगराखाली, सुमारे १,४०० मीटर खडकाच्या आड, जर्मेनियमच्या संवेदकाने त्याचा शोध घेण्यात आला. तो किरणोत्सर्ग सापडला नाही. सिद्धांताचे ते साधे रूप बाद झाले, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः दिओशी यांचेही नाव आहे. सिद्धांताची दुसरी रूपे अजून शिल्लक आहेत आणि पेनरोज यांनी आपली कल्पना सोडलेली नाही. पण ती कुठे चुकू शकते हे आधी सांगणे आणि मग तिथेच जाऊन तपासणे, हा विज्ञानाचा रिवाज इथे पाळला गेला.

औंढ्याचे आरसे

आता औंढ्याकडे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी लायगो-इंडियाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा खाते यांचा हा संयुक्त प्रकल्प आहे. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत ये-जा करणारा लेझर आणि टोकांना टांगलेले सुमारे ४० किलो वजनाचे आरसे, अशी ही रचना असते. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. आलेल्या गोंगाटातून अशी लहर वेगळी काढण्याच्या पद्धती घडवण्यात आयुकाच्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

पहिला धागा हा. पेनरोज यांनी ज्या कृष्णविवरांची अटळता कागदावर सिद्ध केली, त्यांच्या टकरी हिंगोली जिल्ह्यातून ‘ऐकू’ येणार आहेत.

दुसरा धागा आरशांचा. ४० किलोची वस्तू क्वांटमच्या जगात मोडत नाही, असे आपण धरून चालतो. पण लायगोची नजर प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपते. अमेरिकेतल्या लायगोच्या आरशांना लेझरमधल्या क्वांटम गोंगाटामुळे बसणारे सूक्ष्म धक्के २०२० मध्ये प्रत्यक्ष मोजले गेले. २०२१ मध्ये त्याच आरशांची एकत्रित हालचाल इतकी शांत करण्यात आली की ती निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या ७७ अब्जांश एवढ्या तापमानाला शोभेल. आरसे मात्र खोलीच्याच तापमानाला होते. क्वांटम जग कुठे संपते आणि आपले रोजचे जग कुठे सुरू होते, ही सीमा अशा यंत्रांनी चाचपता येते. पेनरोज यांच्या कल्पनेच्या कुळातल्या, पण तिच्याहून वेगळ्या असलेल्या एका सिद्धांताला लायगोच्या नोंदींनी २०१६ मध्येच मर्यादा घालून दिल्या. औंढ्याची वेधशाळा जाणिवेच्या शोधासाठी बांधलेली नाही. तरी पेनरोज ज्या सीमेबद्दल बोलतात, त्याच सीमेजवळ तिचे आरसे टांगलेले असतील.

जाणिवेचा प्रश्न या मातीला नवा नाही. औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा खेचर आणि ‘देव नाही अशी जागा दाखव’ या त्यांच्या प्रश्नाने निरुत्तर झालेले नामदेव, ही कथा परंपरेने इथलीच. चैतन्य सगळीकडे आहे, हा नामदेवांचा अनुभव. त्या अनुभवाला क्वांटम भौतिकीच्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि क्वांटम भौतिकीने तसे प्रमाणपत्र दिलेलेही नाही. दोन्ही आपापल्या जागी ठेवले की दोघांचाही मान राहतो.

क्वांटमच्या नावाने दुकान

खरी अडचण पुढे आहे. तळहातात धातूची कांडी धरा, मिनिटभरात यकृत, मूत्रपिंड, हृदय, सगळ्याचा छापील अहवाल घ्या, अशी ‘क्वांटम’ यंत्रे गावोगावच्या शिबिरांत दिसतात. ही यंत्रे आजार शोधू शकतात, याला विश्वासार्ह पुरावा नाही. ‘सगळे ठीक’ असा अहवाल हाती पडल्यावर मधुमेही रुग्ण रक्ताची तपासणी पुढे ढकलतो आणि नुकसान तिथे होते. ‘ऊर्जा’ देणाऱ्या पेंडंटची गोष्ट तर आणखी वेगळी. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंमध्ये किरणोत्सर्गी द्रव्य आढळल्याचे जाहीर केले, त्या वापरणे थांबवायला सांगितले आणि त्यांची विक्री बंद केली. त्यांत ‘क्वांटम पेंडंट’ही होते. क्वांटम भौतिकीवर चालणारे खरे वैद्यकीय यंत्र हवे असेल तर ते एमआरआय आहे. शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा क्वांटम गुणधर्म त्यात वापरला जातो.

पारख करायला एक प्रश्न पुरतो. ‘हे चुकीचे असेल तर ते कशावरून कळेल?’ दिओशी यांच्याकडे याचे उत्तर होते. पेंडंट विकणाऱ्याकडे ते नसते.

प्रतिसाद नाही म्हणजे जाणीव नाही, असे नव्हे

जाणिवेचे कोडे सुटले नसले, तरी गेल्या वीस वर्षांत रुग्णाच्या उशाशी उपयोगी पडेल असे बरेच हाती आले आहे. २००६ मध्ये केंब्रिजमध्ये अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनर सुरू असताना सांगण्यात आले, ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा.’ तिच्या मेंदूचे नेमके तेच भाग उजळले, जे निरोगी माणसात उजळतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सूचनांना कोणताही दिसणारा प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू आतून सूचना पाळताना आढळला. म्हणजे चौघांत एक.

आपल्या भागात याचे उदाहरण शोधायला स्कॅनरचीही गरज नाही. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो. जखम दिसत नाही, दुखतही नाही. काही तासांत पापण्या मिटतात, जीभ जड होते, श्वास थांबू लागतो. विषाने स्नायूंना मिळणारा मेंदूचा निरोप तोडलेला असतो. रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, कधी बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. मेंदू मेल्यासारखे भासते. पण तो सगळे ऐकत असू शकतो. वेळेत प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर मिळाला तर असे रुग्ण उठून बसतात. म्हणून पहाटे अचानक पोटदुखी, जड पापण्या किंवा गिळायला त्रास झाला, तर मांत्रिकाकडे न जाता १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

घरचा माणूस बेशुद्ध पडून असेल तेव्हा नातेवाइकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. त्याच्या उशाशी त्याच्याबद्दल ‘आता काही उरले नाही’ अशी चर्चा करू नये. रोज त्याच्याशी नावाने, नेहमीच्या आवाजात बोलावे. डोळ्यांची, बोटांची बारीकशी हालचाल किंवा ओळखीच्या आवाजाला दिलेला प्रतिसाद दिसला, तर वेळ लिहून ठेवून डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगावा. दिवसभर जवळ बसणाऱ्याला अशी खूण फेरीवर आलेल्या डॉक्टरांच्या आधी दिसू शकते, आणि तिच्यावरून उपचारांची दिशा बदलू शकते.